दहाच्या ठोक्याला दहा डेसिबल

साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत कुठंही विचारा, मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. यंदा डॉल्बी कुणाचा, डॉल्बीची सुपारी कितीला दिली, डॉल्बी कोपऱ्यावर अडवला का, अशी बोलणी चालतात. गणपतीच्या आधी शांतता समितीच्या बैठकीत पोलीसही हाच शब्द वापरतात आणि गावच्या वेशीवर ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ असा फलक लागतो. हा डॉल्बी मुळात कोण, हे मला फार उशिरा कळलं. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्यानं १९६५ मध्ये लंडनला एक छोटी प्रयोगशाळा काढली. टेपवर गाणं मुद्रित करताना मागं जी बारीक खरखर येते, ती घालवण्याची युक्ती त्यानं शोधून काढली आणि तिच्यावरच त्याचं नाव झालं. नको तो आवाज काढून टाकणाऱ्या माणसाचं नाव आपण खिडक्यांची तावदानं थरथरवणाऱ्या भिंतीला दिलं!

त्या भिंतीसमोर जो कायदा उभा आहे, त्याचा गाभा अवघा आठ आकड्यांचा आहे. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम काढले. त्यांच्या परिशिष्टात चार ओळींचा तक्ता आहे. औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल, रात्री ७०. व्यापारी भागात ६५ आणि ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, उरलेली रात्र. पहिल्यांदा वाचला तेव्हा हा तक्ता मला वीजबिलामागच्या दरपत्रकाइतकाच रुक्ष वाटला होता. पण त्यातला एकेक आकडा उलगडायला गेलो आणि आत टेलिफोनच्या तारा, माणसाची झोप, रात्रीची हवा असं काय काय निघत गेलं.

सुरुवात डेसिबलपासूनच करू. हे माप गोंगाटासाठी जन्मलेलं नाही. टेलिफोनच्या तारेतून जाताना बोलणं किती क्षीण होतं, हे सांगायला अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात ते तयार केलं. त्याआधी ते लोक चक्क ‘मैलभर तारे’च्या हिशेबात बोलत. नव्या मापाला टेलिफोनच्या जनकाचं, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं नाव मिळालं. एका ‘बेल’चा दहावा हिस्सा म्हणजे डेसिबल. बेल यांच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि पत्नी मेबल लहानपणापासून बहिरी होती. डॉल्बीच्या नावाशेजारी हे नाव ठेवून पाहिलं की नशिबाच्या विनोदबुद्धीचं कौतुक वाटतं.

या मापाची गंमत अशी की ते बेरजेचं नाही, गुणाकाराचं आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. असं विचित्र माप का घेतलं? कारण कानच तसा विचित्र आहे. ऐकू येईल असा अगदी क्षीण आवाज कानाचा पडदा हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी हलवतो, आणि तोही आपल्याला कळतो! दुसऱ्या टोकाला, कान दुखायला लागतो तो आवाज यापेक्षा एकावर बारा शून्यं इतक्या पटीनं मोठा असतो. एवढा पल्ला साध्या पट्टीवर मांडायचा तर ती पट्टी गावाबाहेर जाईल. डेसिबलनं तो सव्वाशेच्या आत दुमडून ठेवला.

आता तक्त्याकडे परत या. रात्री दहाच्या ठोक्याला निवासी भागाची मर्यादा ५५ वरून ४५ वर येते. आपण म्हणतो, दहाच तर कमी झाले. प्रत्यक्षात कायदा सांगत असतो की दिवसा चालत होती त्यातली नऊ-दशांश ऊर्जा आता गप्प करा, एक-दशांशच ठेवा. व्यापारी भागात दहा, शांतता क्षेत्रातही दहा. फक्त औद्योगिक भागाला पाचाची सवलत आहे, पण तिथंही ऊर्जा तिसऱ्या हिश्शाच्या खाली यावी लागते. आठ आकड्यांतून चार वेगवेगळ्या रात्री अशा तयार होतात.

भिंती दरवर्षी उंच का होत जातात, याचं उत्तरही याच गुणाकारात आहे, आणि मला ते फार आवडतं. समजा एका मंडळानं चार बॉक्स लावले. शेजारच्या मंडळानं जिद्दीनं आठ लावले. ऊर्जा दुप्पट झाली, पण डेसिबलमध्ये वाढ झाली फक्त तीन. तीन डेसिबलचा फरक रस्त्यावरच्या गर्दीत माणसाला जेमतेम जाणवतो. आपला आवाज शेजारच्यापेक्षा ‘डबल’ वाटायला हवा असेल, तर साधारण दहा डेसिबल जास्त लागतात, म्हणजे चाराचे चाळीस बॉक्स! ट्रॉली बदलून ट्रक येतो, जनरेटर वाढतो, वर्गणी वाढते. कान मात्र या सगळ्या खर्चाची पावती ‘दुप्पट’ एवढीच देतो. उलटी बाजूही तितकीच खरी आहे. पोलिसांनी निम्मे बॉक्स उतरवायला लावले तर कार्यकर्त्यांचा जीव जातो, गल्लीतल्या आजारी माणसाला मात्र तीनच डेसिबलचा दिलासा मिळतो.

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मापक घेऊन उभे राहतात. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. त्यांची सरासरी बहुतेक वर्षी नव्वदीच्या पुढे असते, काही वर्षी शंभरीपार गेलेली आहे. शंभर म्हणजे निवासी भागाच्या दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पटही नाही, असं एखादा म्हणेल. पंचेचाळीस डेसिबलचा फरक आहे तो. ऊर्जेत सांगायचं तर एकतीस हजारपट.

सरासरी हा शब्दही इथं जपून घ्यायला हवा. तक्त्यातला आकडा कुठल्याही एका क्षणाचा नाही, ठरावीक काळातल्या ऊर्जेच्या सरासरीचा आहे. तासभर गल्ली ५० डेसिबलवर शांत आहे आणि त्यात एकच मिनिट ९० चा दणका बसला, तर त्या तासाची सरासरी किती येईल? आपली शाळेतली सवय सांगते, ५१ च्या आत. येते ७२! एकोणसाठ मिनिटांची शांतता एका मिनिटानं पुसून टाकली. रात्री तीन वाजता गल्लीतून सायलेन्सर काढलेली एकच बुलेट जाते आणि सकाळी अख्खी आळी ‘रात्रभर झोप नाही’ म्हणते, तेव्हा आळी अतिशयोक्ती करत नसते. ती ऊर्जेची सरासरी काढत असते.

रात्रीचा आकडा ४५ च का? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये शयनगृहात रात्री ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा असं सुचवलं. उघड्या खिडकीतून आत येताना बाहेरचा आवाज साधारण पंधरा डेसिबलनं उतरतो असं धरलं, तर खिडकीबाहेर ४५ पर्यंत चालेल. आपल्या तक्त्यातला आकडाही तोच आहे. आणि शांतता क्षेत्राचे रात्रीचे ४०? स्वयंपाकघरातला फ्रिज गुणगुणतो ना, साधारण तेवढे.

त्यात रात्रीची हवाही कायद्याच्या बाजूनं नसते. दिवसा जमीन तापलेली असते, वर जाल तशी हवा गार होत जाते आणि आवाजाच्या लहरी वरच्या दिशेला वळून आकाशात निघून जातात. निरभ्र रात्री जमीन आधी गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. गार हवेत आवाज हळू चालतो, उबदार हवेत भरभर, म्हणून वर निघालेली लहर वाकून पुन्हा खाली येते. लहानपणी गावाकडे रात्री अंथरुणावर पडल्यावर दूरच्या रेल्वेची शिटी ऐकू यायची, दिवसा कधीच नाही. आम्हाला वाटायचं, रात्रीची गाडी जवळून जाते. गाडी त्याच रुळांवरून जायची, वाकायची ती हवा. पलीकडच्या गावातली हळद रात्री आपल्या अंगणात वाजते, तीही याच वाटेनं.

आवाजापासून दूर जाण्याचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, शंभरपट झालं की चाळीस. नियमांत शांतता क्षेत्र सांगितलंय ते रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं. एक मीटरवर नव्वद डेसिबल असलेला आवाज शंभर मीटर चालून गेला की पन्नासावर येतो, म्हणजे बरोबर शांतता क्षेत्राच्या दिवसाच्या मर्यादेवर. हा योगायोग असेल, पण सुंदर आहे. मात्र दोन्ही बाजूंना पाच-पाच मजली इमारती असलेली गल्ली मोकळी जागा नसते. तिथं आवाज भिंतीवरून भिंतीवर आदळत पुढं सरकतो आणि शंभर मीटर पुरत नाहीत. शिवाय ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनं शांतता क्षेत्र आपोआप ठरणं बंद झालं. सरकारनं तसं खास जाहीर केलं असेल, तरच ते शांतता क्षेत्र. त्यामुळे आपल्या शेजारच्या रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर कागदावर आहेत का, हे आधी पाहून घ्यावं लागतं.

चार ओळींचा तक्ता कागदावर स्वच्छ दिसतो, आपली शहरं तशी नाहीत. दादर घ्या, गिरगाव घ्या, पुण्याच्या पेठा घ्या. तळमजल्यावर सराफ, पहिल्या मजल्यावर शिकवणी, दुसऱ्यावर नव्वदीतल्या आजी. ही इमारत व्यापारी की निवासी? उत्तरावर दहा डेसिबल अवलंबून आहेत, म्हणजे दहापट ऊर्जा. अशा मिश्र भागाला चारपैकी एका ओळीत बसवण्याचा अधिकार नियमांनी प्रशासनाला दिला आहे. कुठल्या गल्लीवर कुठला शिक्का बसला, हे त्या गल्लीत राहणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

या कायद्याला धार आली ती एका भीषण प्रसंगानं. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर दिलेल्या निकालाच्या सुरुवातीलाच तो येतो. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि आसपासच्या ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात तिचा आक्रोश कुणाला ऐकू गेला नाही. तिनं नंतर स्वतःला जाळून घेतलं. एका अभियंत्यानं याचिका केली ती यामुळे. विज्ञानात याला आवाजानं आवाज झाकणं म्हणतात. त्यात एक अन्याय निसर्गातच आहे. खर्जातला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजाला सहज गिळतो, उलटं तितकंसं होत नाही. आणि माणसाची किंकाळी वरच्या पट्टीत असते.

त्या निकालानं एक गोष्ट पक्की केली. बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकवण्याचं नाही. पुढं ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि अमजद सय्यद यांनी ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर विस्तृत निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुंबईतल्या आवाज फाउंडेशनच्या सुमेरा अब्दुलअली यांनी हातात मापक घेऊन वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींचाही या साऱ्या जागृतीत वाटा आहे. ज्यांना ‘आपल्याच सणांना का?’ असं विचारायचं असतं, त्यांनी तो तक्ता पुन्हा पाहावा. त्यात चार प्रकारचे भाग आहेत, धर्माचा रकाना नाही.

सणांची सवलत लोक हमखास चुकीची समजतात. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला परवानगी देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. शिवजयंती, गणेशोत्सव, नवरात्र, ३१ डिसेंबर अशा दिवसांत ती वाटली जाते. पण ही सवलत घड्याळाची आहे, डेसिबलची नाही! सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहानं जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढाच ठेवायचा असतो, आणि हा नियम त्या दोन तासांतही लागू असतो. अजून एक अल्पपरिचित कलम सांगतो. २०१० च्या दुरुस्तीनं निवासी भागात रात्री दहानंतर हॉर्न वाजवायलाही मनाई आहे, आणीबाणीचा प्रसंग सोडून. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी यावर एकदा झकास तोडगा काढला होता. काही सिग्नलना मापक जोडला आणि हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! २०२० च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत सगळीकडं फिरली. दंडापेक्षा थांबणं आपल्याला जास्त लागतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आता शेवटचं कोडं, माझ्या मते या तक्त्यातलं सगळ्यात मोठं. आकड्यांपुढे नुसतं ‘डेसिबल’ नाही, कंसात एक ‘ए’ आहे. तो ‘ए’ कुठून आला? बेल प्रयोगशाळेतल्याच हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये एक शोधनिबंध छापला. लोकांच्या कानाला यंत्र लावून त्यांनी निरनिराळ्या पट्टीतले स्वर ऐकवले आणि विचारलं, हे तुम्हाला सारखेच मोठे वाटतात का? निघालं असं की हलक्या आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून मापकात एक चाळणी बसवली गेली, कान जितका खर्ज सोडून देतो तितका यंत्रानंही सोडून द्यायचा. ही ‘ए’ चाळणी. मधल्या पट्टीतल्या स्वराला ती हात लावत नाही. डॉल्बीचा ‘बेस’ घुमतो त्या पट्टीत, सेकंदाला पन्नास-साठ कंपनांपाशी, ती पंचवीस ते तीस डेसिबल सरळ वजा करते. ताशाची तर्री पूर्ण मोजली जाते. छातीत धडधडतं ते जवळपास माफ.

ही चाळणी बेतली होती चाळीसेक डेसिबलच्या हलक्या आवाजांसाठी. मोठ्या आवाजात कानाचा स्वभाव बदलतो, खर्जही त्याला जवळजवळ पूर्ण ऐकू येतो, आणि त्यासाठी मापकात ‘सी’ नावाची वेगळी चाळणी आहे. ती त्याच पट्टीत एखाद-दीड डेसिबलच वजा करते. पण ‘ए’ सोपी, सगळ्या यंत्रांत असलेली, कारखान्यातल्या कामगारांच्या बहिरेपणाचा अंदाजही तिनं बरा येतो, म्हणून जगभरच्या कायद्यांत तीच बसली. डॉल्बी ‘ए’वर मोजूनही मर्यादा मोडतो, हे खरं. घोळ होतो तो घराच्या आत. पन्नास कंपनांच्या लहरीची लांबी सात मीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या दिवाणखान्याहून मोठी. भिंती आणि बंद खिडक्या बारीक आवाज अडवतात, एवढी लांब लहर त्यांना दाद देत नाही. म्हणून दार लावून बसल्यावर गाणं कळत नाही, शब्द कळत नाहीत, नुसती धडधड पोचते, मांडणीवरची भांडी वाजतात. आणि दिवाणखान्यात धरलेला मापक नेमकी तीच धडधड वजा करून दाखवतो. तक्रार करणारा खोटा पडतो, यंत्रही खोटं बोलत नसतं.

यावर उपाय शोधायला कायद्याला लांब जावं लागणार नाही. फटाक्यांसाठीचा नियम १९९९ चा आहे, २००० च्या या नियमांच्याही आधीचा. त्यात फटाका फुटतो तिथून चार मीटरवर आवाज किती चालेल हे दोन मापांत दिलेलं आहे. एक १२५ डेसिबलचं, ‘ए’ चाळणीतून. दुसरं १४५ डेसिबलचं, आणि त्याच्यापुढे कंसात ‘सी’ आहे.